सामाजिक प्रश्नावर पहिलं मीम करताना

सामाजिक प्रश्नावर विनोदी चित्र करायचं मनात आलं की पहिल्यांदा हात जातो तो फोनमधल्या अ‍ॅपकडे. टेम्प्लेट, म्हणजे आधीच तयार असलेलं ओळखीचं चित्र, शोधायचं, वर एक ओळ, खाली एक ओळ, की झालं तयार. त्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा: या चित्रात फजिती कुणाची होणार आहे? नवीन लोकांची बहुतेक चित्रं याच जागी घसरतात. विषय महत्त्वाचा असतो, चीड खरी असते, हातही बरा असतो. पण बघणारा हसतो ते नेमकं ज्याच्यावर अन्याय होतोय त्यालाच.

इथे एकच उदाहरण घेऊन क्रमाक्रमाने पुढे जाऊ. विषय असा: सार्वजनिक इमारतीत व्हीलचेअर वापरणाऱ्यांना शिरता येत नाही. तुमचा विषय दुसरा असेल, तरी कामाचा क्रम हाच ठेवा.

१. विषय डोळ्यांना दिसेल इतका लहान करा

‘अपंगांवरचा अन्याय’ याचं चित्र निघत नाही. ‘इमारतींमधली गैरसोय’ याचंही नाही. ‘दारापुढच्या तीन पायऱ्या’ याचं मात्र लगेच निघतं. विषय एका वस्तूपर्यंत, एका जागेपर्यंत, एका कृतीपर्यंत खाली आणा. त्या वस्तूवर बोट ठेवता आलं पाहिजे. बेरोजगारी असेल तर ‘अनुभव हवा’ असं लिहिलेली जाहिरात, प्रदूषण असेल तर खिडकीच्या काचेवरची काजळी. या टप्प्यावर विनोद सुचला नाही तरी काळजी करू नका, आत्ता फक्त जागा शोधायची आहे.

२. हसवण्याआधी मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या तीन पायऱ्यांच्या जागी व्हीलचेअर चढेल असा रॅम्प, म्हणजे उतरती वाट, नाही असं चित्र काढायचं तर रॅम्प कसा असावा लागतो ते आधी माहीत करून घ्या. अनेक देशांच्या नियमांत व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार जास्तीत जास्त एकास बारा धरलेला आहे. म्हणजे एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे उंची ४५ सेंटिमीटर, आणि रॅम्प लागतो ५.४ मीटर लांब. शिवाय वर-खाली खुर्ची वळवायला सपाट जागा आणि कठडा. उतार याहून तीव्र झाला की चढताना खांदे भरून येतात किंवा मागून ढकलायला कुणीतरी लागतं, आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते.

आता बघा काय झालं. ‘रॅम्प नाही’ हा आपला विनोदाचा विषय होता. मोजल्यावर कळलं की रॅम्प आहे, पण दारापुढे जागा ९० सेंटिमीटर होती म्हणून तो एकास दोनच्या उताराने उभा केलाय आणि कागदावर ‘काम पूर्ण’ असं लिहिलंय. खरा विनोद इथे आहे, आणि तो आकड्यांनी दाखवला. ज्यांना रोज त्या दारातून जावं लागतं त्यांना ही तफावत ताबडतोब ओळखू येते. चित्राला विश्वासार्हता मिळते ती या तपशिलामुळे.

मोजून हसवण्याचा सुंदर नमुना ‘गरिला गर्ल्स’ या गटाचा आहे. गोरिलाचे मुखवटे घालून काम करणाऱ्या या स्त्री कलाकारांनी १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरुवात केली. त्या तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेल्या आणि चक्क मोजणी केली. १९८९ च्या त्यांच्या प्रसिद्ध पोस्टरवर एका जुन्या चित्रातली पहुडलेली नग्न स्त्री आहे, तिच्या डोक्यावर गोरिलाचा मुखवटा, आणि शेजारी दोन आकडे: आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी, पण नग्नचित्रांपैकी ८५ टक्के स्त्रियांची. या पोस्टरला उत्तर द्यायचं तर आकडे खोडावे लागतात, नुसतं ‘विनोद आवडला नाही’ म्हणून भागत नाही. त्यांनी २००५ आणि २०१२ मध्ये पुन्हा जाऊन मोजलं आणि पोस्टर नव्या आकड्यांनी काढलं. तुम्हीही आकडा वापरलात तर तो कुठून आणला, कधीचा आहे हे चित्राच्या कोपऱ्यातच लिहा.

३. तीन कच्चे आराखडे, मग निवड

पहिली कल्पना जशीच्या तशी पक्की करू नका. कागदावर काड्यांची माणसं काढून किमान तीन आराखडे करा. आपल्या रॅम्पचे तीन असे निघतात.

पहिला: तीन पायऱ्या, वर पाटी ‘सर्वांचं स्वागत’, खाली व्हीलचेअरवर रडवेल्या चेहऱ्याचा माणूस. चित्र खोटं नाही. पण बघणाऱ्याला त्याची कीव येते आणि तो पुढे सरकतो. हा विनोदही नाही आणि सवालही नाही.

दुसरा: उभा रॅम्प, त्यावरून व्हीलचेअर भरधाव घसरतेय, माणूस हवेत. लोक हसतील, नक्की हसतील. पण हसतील ते पडणाऱ्याला. ज्याने रॅम्प बांधला आणि ज्याने पास केला ते दोघे चित्रात कुठेच नाहीत.

तिसरा: उद्घाटन चालू आहे. तोच उभा रॅम्प, वरच्या टोकाला फीत. ज्यांनी काम मंजूर केलं ते साहेब रॅम्पच्या मधोमध दोन्ही हातांनी कठडा धरून लोंबकळतायत, एक बूट निसटून खाली येतोय, तरी चेहऱ्यावर हसू ठेवून ते म्हणतायत: ‘बघा, जमतंय की!’ खाली व्हीलचेअरवर एक बाई बसल्या आहेत. त्यांच्या हातात मोजपट्टी आहे आणि त्या शांतपणे माप वाचतायत.

तिसरा घ्यायचा. वस्तू त्याच, विषय तोच, पण फजिती जागेवर गेली. साहेबांनी ती स्वतः ओढवून घेतली आहे. आणि बाई बिचाऱ्या राहिल्या नाहीत, चित्रात सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच आहे. आराखडा निवडताना हाच प्रश्न विचारा: ज्याची फजिती दाखवली त्याच्या हातात हा प्रश्न सोडवणं होतं का? नसेल तर आराखडा फाडा.

मी तिसऱ्या आराखड्यात बाईंच्या तोंडी आधी एक वाक्य घातलं होतं, ‘एकास बारा हवा होता’ असं. ते काढलेलंच बरं. दोन माणसं बोलू लागली की विनोद दोघांत वाटला जातो. मोजपट्टी पुरेशी बोलते, आणि एकास बाराचा तपशील चित्राखालच्या मजकुरात देता येतो.

४. ज्यांचा प्रश्न आहे त्यांना आधी दाखवा

चित्र टाकण्याआधी, आराखड्याच्या टप्प्यावर. पूर्ण रंगवलेलं चित्र दाखवलं की समोरचा भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतो. पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या की मोकळेपणाने बोलतो. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘यात काय चुकलंय?’ असं विचारा. व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती कदाचित सांगेल की तुम्ही काढलेली खुर्ची इस्पितळातली आहे, रोज वापरायची अशी नसते, तिला मागे ढकलायच्या मुठी असतीलच असं नाही. असा तपशील कुठल्याही टेम्प्लेटमध्ये मिळत नाही. मात्र एका माणसाने ‘चालेल’ म्हटलं म्हणजे सगळ्यांची परवानगी मिळाली असं समजू नका, आणि कुणी वेळ देऊन नीट तपासून दिलं तर त्या कामाचे पैसे द्या, निदान विचारून चित्रावर नाव द्या.

अमेरिकी व्यंगचित्रकार जॉन कॅलहन यांना तरुणपणी मोटार अपघातानंतर हातापायांचा लकवा झाला. ते पेन दोन्ही हातांत धरून चित्रं काढत आणि अपंगत्वावर अत्यंत जहाल विनोद करत. आपण हद्द ओलांडली का हे ते व्हीलचेअर वापरणाऱ्या वाचकांच्या प्रतिक्रियेवरून ठरवत, बाहेरून चिडणाऱ्यांवरून नाही. त्यांचा अनुभव तुमच्याकडे नसेल तर त्यांची मोकळीकही तुमच्याकडे नाही. त्याच विषयावर तुम्ही काम जरूर करा, फक्त विनोदाचं तोंड व्यवस्थेकडे ठेवा.

५. अतिशयोक्ती कशाची करायची

व्यंगचित्र म्हटलं की नाक मोठं, पोट मोठं, दात पुढे. ही सवय सोडा. लोभी माणूस दाखवायला ढेरी काढली की त्या लोभी माणसाला काही होत नाही, ढेरी असलेल्या प्रत्येक वाचकाला मात्र टोचतं. रंग, उंची, तोतरेपणा, बोलीचा ढंग, कपड्यांची गरिबी, यांतलं काहीही हसण्याचं कारण म्हणून वापरू नका. कृती ताणा, वस्तू ताणा, नियम ताणा. आपल्या चित्रात साहेब कसे दिसतात याने काही फरक पडत नाही. रॅम्प किती उभा आहे याने पडतो.

जर्मन कलाकार जॉन हार्टफील्ड यांनी १९३२ मध्ये केलेलं हिटलरचं फोटोमोंटाज, म्हणजे फोटो कापून-जोडून केलेलं चित्र, अवश्य शोधून पाहा. हिटलर भाषण करतोय, आणि छातीच्या जागी क्ष-किरण चित्र आहे: घशातून खाली नाण्यांची उतरंड, पाठीच्या कण्याच्या जागी नाणी, पोटात नाण्यांचा ढीग. मथळ्याचा आशय असा की हा सोनं गिळतो आणि भंगार ओकतो. मिशीची, आवाजाची टिंगल करणं सोपं होतं. हार्टफील्डनी आरोप केला: याच्या भाषणामागे पैसा कुणाचा आहे ते बघा. कात्री, डिंक आणि छापील फोटो एवढ्या साहित्यावर केलेलं हे काम आहे आणि आजच्या मीमची बांधणीही हीच असते, दोन चित्रं अशी जोडायची की तिसरा अर्थ निघावा. १९३३ मध्ये त्यांना देश सोडून पळावं लागलं. तुमच्या चित्रातून एक वाक्याचा आरोप निघतो का हे तपासायला हा नमुना उत्तम.

६. टेम्प्लेट घ्यायचं की स्वतः काढायचं

टेम्प्लेटचा फायदा खरा आहे: वाचकाला रचना आधीच पाठ असते, त्यामुळे तुमचं म्हणणं दोन सेकंदांत पोचतं. पण टेम्प्लेट स्वतःचा अर्थ घेऊन येतं. प्रेयसीसोबत चालताना दुसऱ्या मुलीकडे वळून बघणारा तरुण तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. तो २०१५ चा विक्रीसाठी काढलेला फोटो आहे, स्पेनच्या अँटोनियो गियेम यांचा, आणि २०१७ मध्ये तो जगभर पसरला. २०१८ मध्ये स्वीडनमध्ये एका कंपनीने तो नोकरीच्या जाहिरातीत वापरला: एक मुलगी म्हणजे जुनी नोकरी, दुसरी म्हणजे नवी. तिथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या लोकपालाने ती जाहिरात स्त्रियांना अदलाबदलीची वस्तू करणारी ठरवली. स्त्री-पुरुष समतेवर मीम करायला तुम्ही हेच टेम्प्लेट घेतलंत तर चित्र तुमच्या मजकुराच्या उलट बोलेल.

शिवाय असे फोटो कुणाच्या तरी मालकीचे असतात. परवानगीचा प्रश्न टाळायचा तर मोठ्या संग्रहालयांनी खुली केलेली जुनी चित्रं वापरा. ज्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गरिला गर्ल्सनी मोजणी केली, त्याच संग्रहालयाने २०१७ मध्ये ३,७५,००० चित्रप्रतिमा कोणालाही, कशासाठीही वापरायला मोकळ्या केल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमचाही असा मोठा खजिना आहे. जुन्या तैलचित्रातले कंटाळलेले सरदार आणि वैतागलेल्या दासी यांच्याकडून वाट्टेल ते बोलवून घेता येतं.

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा फोटो काढून त्यावर विनोद करू नका. चेहरा धूसर केला तरीही. ओळखीचे लोक कपड्यांवरून, चालण्यावरून ओळखतात, आणि त्या माणसाला उत्तर द्यायची जागाच नसते.

स्वतःचं पात्र तयार करणार असाल तर हेही लक्षात ठेवा की ते हातातून निसटू शकतं. मॅट फ्युरी यांनी २००५ मध्ये आपल्या कॉमिकमध्ये एक आळसावलेला, निरुपद्रवी बेडूक काढला, पेपे. वंशद्वेष पसरवणाऱ्यांनी तो इतका वापरला की २०१६ मध्ये अँटी-डिफेमेशन लीग या द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्याची नोंद द्वेषचिन्हांच्या यादीत केली. फ्युरींनी कोर्टकचेऱ्या केल्या, पात्र परत मिळवायची मोहीमही काढली. आणि २०१९ मध्ये हाँगकाँगमधल्या लोकशाहीवादी आंदोलकांनी हाच बेडूक आपलं चिन्ह म्हणून हातात घेतला. पात्राच्या मूळ फाइली, तारखा आणि पहिले कच्चे आराखडे म्हणूनच जपून ठेवा.

७. मांडणी आणि मराठी अक्षरं

आकार १०८० बाय १३५० पिक्सेल ठेवा, फोनवर उभं चित्र जास्त जागा घेतं. नजर वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे येते, म्हणून धक्का शेवटी ठेवा: आपल्या चित्रात आधी फीत, मग साहेब, मग बूट, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात मोजपट्टी. चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. तेवढ्यात माणूस लोंबकळतोय हे कळत नसेल तर मागच्या भिंतीवरचे बारकावे काढून टाका.

अक्षरांकडे खास लक्ष द्या, कारण मराठी मीम इथे फार विद्रूप होतात. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. जाड काळी कड देऊन पांढरं अक्षर करायची पद्धत देवनागरीत जोडाक्षरांची भोकं बुजवते, त्यापेक्षा अक्षरांमागे सपाट पट्टी द्या. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडा. मुक्ता, बालू हे फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांची जाड वळणं छोट्या पडद्यावर छान वाचता येतात. चित्र काढायला क्रिता आणि गिंप ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात.

रंगांचा फरकही मोजता येतो. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. तपासून देणारी साधनं मोफत आहेत. पिवळ्यावर पांढरं कधीच पास होत नाही.

८. चित्राचं वर्णन लिहा

दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरने मजकूर ऐकतात, आणि चित्रातली अक्षरं त्यांना बहुधा ऐकू येत नाहीत. जवळजवळ सगळ्या मोठ्या मंचांवर ‘ऑल्ट टेक्स्ट’ची, म्हणजे स्क्रीन रीडर वाचून दाखवेल असं चित्राचं वर्णन लिहायची, जागा असते. ती रिकामी ठेवून रॅम्पबद्दल बोलणं म्हणजे आपणच दारात पायरी घालणं. वर्णनात विनोदाचा क्रम सांभाळा. ‘रॅम्पवरचं व्यंगचित्र’ एवढ्याने काहीच पोचत नाही. असं लिहा:

‘इमारतीच्या दारात भिंतीसारखा उभा रॅम्प, वर उद्घाटनाची फीत. सूट घातलेले एक अधिकारी दोन्ही हातांनी कठडा धरून रॅम्पवर लोंबकळत आहेत, त्यांचा एक बूट घरंगळतोय. ते हसत म्हणतात, बघा, जमतंय की! खाली व्हीलचेअरवर बसलेली स्त्री मोजपट्टीने उतार मोजते आहे.’

९. चित्र एकटंच फिरणार आहे हे धरून चाला

तुम्ही खाली लिहिलेला मजकूर दुसऱ्याच दिवशी गळून पडतो, चित्र तेवढं पुढे जातं. २०१२ मध्ये ‘द अनियन’ या अमेरिकी उपहासपत्राने उत्तर कोरियाचे नेते किम जोंग-उन यांना वर्षातला सर्वांत आकर्षक पुरुष म्हणून जाहीर केलं. चीनच्या सत्ताधारी पक्षाच्या ‘पीपल्स डेली’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळाने ते खरं मानून ५५ फोटोंसकट छापलं. संपादकमंडळ असलेल्या ठिकाणी हे होऊ शकतं, तर घाईत बोट सरकवणाऱ्या वाचकाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून खऱ्या बातमीसारखं दिसणारं, खऱ्या माणसाच्या तोंडी खोटं वाक्य घालणारं, यंत्राकडून बनवून घेतलेलं फोटोसारखं चित्र टाळा. काढलंच तर ‘उपहास’ हा शब्द चित्राच्या आत, कापता येणार नाही अशा जागी लिहा. आपलं नाव, महिना आणि वर्षही आतच. बदनामी, धार्मिक भावना, निवडणुकीचा काळ यांबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. खऱ्या व्यक्तीचं नाव घेणार असाल तर तुमच्या देशातले आधी वाचा.

१०. टाकल्यानंतर

पहिला एक तास प्रतिक्रिया स्वतः वाचा. ‘रॅम्प बांधायला जागाच नसते’ असं कुणी म्हणालं तर तो खरा प्रश्न आहे, त्याला उत्तर द्या: वळण घेऊन जाणारा रॅम्प, दुसऱ्या दारातून सपाट प्रवेश, उचलणारी लिफ्ट. नुसत्या शिव्या देणाऱ्यांशी वाद घालू नका. बाईंवर, व्हीलचेअरवर घाणेरडे शेरे आले तर ते काढून टाका, तुमच्या पानावर येणाऱ्या अपंग वाचकाला ते वाचायला लागू नयेत. तपशील चुकला असं कुणी दाखवून दिलं तर चित्र दुरुस्त करून पुन्हा टाका आणि काय बदललं ते एका ओळीत लिहा.

त्याच दिवशी चित्राखाली तक्रार कुठे करायची याचा पत्ता द्या, आणि इमारत खरी असेल तर स्वतःही एक तक्रार पाठवा. तिच्यात पायऱ्यांची उंची, रॅम्पची लांबी, मोजल्याची तारीख आणि मोजपट्टी लावलेला फोटो द्या. सोबत व्यंगचित्र जोडू नका, तक्रार वाचणाऱ्याला माप हवं असतं.